पहिल्या दिवशी कुणी मारत नाही: कराटे-तायक्वांदोच्या क्लासला जाण्याआधी

जूनमध्ये शाळा उघडल्या की सोलापुरात वह्या-पुस्तकांच्या गर्दीबरोबर बोर्डांचीही गर्दी होते. विजेच्या खांबांवर, शाळांच्या फाटकांशी, जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटच्या कंपाउंडवर कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग, ज्युदो, सेल्फ डिफेन्स अशी नावं झळकायला लागतात. त्यात कुठे मुलीच्या छेडछाडीची बातमी आली की घराघरांत विषय निघतो, 'आपल्या पोरीला कराटेला घालू या का?' आणि तिथेच गाडी अडते, कारण आत काय चालतं ते बाहेरून कळत नाही. खिडकीतून पांढऱ्या कपड्यांतली मुलं एका सुरात ओरडताना दिसतात आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पहिल्याच दिवशी मार बसेल का? फरशीवर आपटतील का? चाळिशीतल्या माणसाने तिथे जाऊन स्वतःचं हसं करून घ्यायचं का?

ज्यांनी अशा क्लासचा उंबरठा कधी ओलांडला नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. मुलांना घालू पाहणारे आईबाप त्यात आले, आणि स्वतः जाऊ पाहणारी मोठी माणसंही आली. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरणार आहे. चांगल्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी कुणाला मारायला शिकवत नाहीत. नीट उभं राहायला शिकवतात, श्वास सोडायला शिकवतात आणि सांगितलं की त्याच क्षणी थांबायला शिकवतात. यातलं थांबणं सगळ्यांत महत्त्वाचं. क्लास चांगला की वाईट हेही त्यावरूनच ओळखता येतं.

## बोर्डावरची नावं: कशात काय असतं?

कराटे मूळ जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरचं. 1922 साली तिथल्या गिचिन फुनाकोशी या शिक्षकांनी टोकियोत त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि तिथून ते जपानभर पसरलं. हाताचे ठोसे, अडवण्या आणि लाथा असं त्यात सगळं असतं; भर हातांवर जास्त. तायक्वांदो कोरियाचं, आणि त्यात पायांचं राज्य. 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून ते पदकाचा खेळ आहे. ज्युदो 1882 मध्ये जिगोरो कानो यांनी सुरू केलं. त्यात ठोसा नाही, लाथ नाही. धरायचं, तोल घालवायचा, पाडायचं आणि खाली दाबून ठेवायचं. किकबॉक्सिंगमध्ये हातमोजे घालून ठोसे आणि लाथा, आणि तिथे रांगा-नमस्कारांचा बडेजाव कमी असतो.

कुठलं निवडावं यावर लोक महिना महिना डोकं लावतात. माझं मत विचाराल तर नवख्याने प्रकारापेक्षा शिकवणारा माणूस पाहावा, आणि घरापासूनचं अंतर पाहावं. अशोक चौकात राहणाऱ्याने उत्तम गुरू मिळतो म्हणून रोज संध्याकाळी विजापूर रोडच्या टोकाला जायचं ठरवलं, तर पहिल्या पावसातच खाडा पडायला लागतो.

## आत शिरताना

चपला बाहेर. हा पहिला नियम, आणि तो सगळीकडे सारखाच. सराव अनवाणी होतो. सोलापुरात बरेचसे क्लास शाळेच्या हॉलमध्ये, मंगल कार्यालयात किंवा एखाद्या इमारतीच्या गच्चीवर चालतात. कुठे रबरी मॅट अंथरलेली असते, कुठे नुसती शहाबादी फरशी. पहिल्या दिवशी पांढरा ड्रेस लागत नाही. ट्रॅक पँट आणि अंगाला न अडकणारा टी-शर्ट पुरतो. जीन्स नको, पाय वर जात नाही. अंगठी, घड्याळ, बांगड्या, पैंजण, कानातलं हे सगळं घरी काढून ठेवा. हातापायाची नखं कापून जा, कारण शेजारच्याला ओरखडा उठतो तो बहुतेक वेळा नखानेच. चष्मा असेल तर आधी सांगा. एकट्याच्या सरावात चालतो, जोडीच्या सरावात काढावा लागतो.

दारात पोचल्यावर लोक आत बघून किंचित वाकतात. शिकवणाऱ्याला वाकून नमस्कार, जोडीदारालाही. यावर दोन टोकांच्या शंका असतात. एक म्हणजे हा धार्मिक प्रकार आहे का. तसं नाही, ही फक्त शिष्टाचाराची रीत आहे. कुठल्या देवाची पूजा त्यात नसते, आणि वेगवेगळ्या धर्मांची मुलं एकाच रांगेत उभी राहून ती पाळतात. दुसरी शंका, ही गुलामगिरी तर नव्हे? त्याचं उत्तर नीट बघितलं की मिळतं. शिकवणाराही उलट वाकतो. काळा पट्टावाला समोरच्या पाच वर्षांच्या पोरापुढे वाकतो. जिथे फक्त विद्यार्थीच वाकतात आणि सर ताठ उभे राहतात, तिथे जरा सावध राहावं.

शिकवणाऱ्याला कराटेत 'सेन्सेई' म्हणतात, पण आपल्याकडे मुलं सर्रास सर आणि मॅडमच म्हणतात आणि ते चालतं. रांगेत जुने पुढे, नवे मागे. मागे उभं करणं अपमान नव्हे. समोर चार जण असले की आपण कुठे चुकतोय ते त्यांच्याकडे पाहून कळतं.

## पहिली पंधरा-वीस मिनिटं

सुरुवात अंग गरम करण्यापासून. जागच्या जागी धावणं, उड्या, मान-खांदे-कंबर-घोटे गोल फिरवणं, मग उठाबशा, जोर, पोटाचे व्यायाम. नवख्यांची खरी परीक्षा इथेच होते. लढाईच्या भीतीने आलेला माणूस दहाव्या मिनिटाला धापा टाकत असतो.

यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही. धावण्याचा चांगला सराव असलेल्यालाही दम लागतो, कारण खाली बसणं, उठणं, वळणं, पाय उचलणं यांत वेगळेच स्नायू कामाला लागतात. एक साधी कसोटी जवळ ठेवा. व्यायाम करताना तुटक तुटक का होईना, पण एखादं वाक्य बोलता येत असेल तर वेग ठीक आहे. शब्दच फुटेनासा झाला तर हळू व्हा. छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ असं काही जाणवलं तर हात वर करून सरळ बाजूला बसा. परवानगीची वाट बघू नका.

सोलापुरात आणखी एक बाब आहे, ती पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत सापडत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि दिवसभर तापलेली गच्ची सूर्य मावळला तरी निवत नाही. अशा दिवसांत पहिला क्लास लावणार असाल तर सकाळची वेळ धरा. पाण्याची बाटली न्या, तहान लागायच्या आधी घोट घोट प्या. घाम खूप गेला असेल तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बरं. 'मध्ये पाणी प्यायचं नाही, शिस्त आहे' असं कुणी सांगितलं तर ती शिस्त मानू नका. उन्हाळ्यात मुलांना पाण्यावाचून तंगवण्याने अंगात चिवटपणा येत नाही, उष्माघात मात्र होऊ शकतो.

जेवण दोन तास आधी झालेलं असावं. भरल्या पोटी उड्या मारल्या की काय होतं ते सांगायला नको. अगदी उपाशीही जाऊ नका. एखादं केळं किंवा शेंगदाणा लाडू तासभर आधी खाल्ला तर पुरतो.

## मूठ वळायला दहा मिनिटं

अंग गरम झालं की मूळ धडे सुरू होतात. कराटेत याला 'किहोन' म्हणतात. पहिल्या दिवशी त्यात तीनचार गोष्टी येतात: उभं कसं राहायचं, मूठ कशी वळायची, सरळ ठोसा, एखादी अडवणी. क्वचित समोरची लाथ.

मूठ हा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. सगळ्यांना वाटतं, मूठ तर जन्मतःच वळता येते. नवख्याला मूठ करायला सांगा, दहातले बरेचजण अंगठा बोटांच्या आत कोंबतात. तशा मुठीने कशावर मारलं तर मोडेल तो आपलाच अंगठा. नीट पद्धत अशी: तळहात उघडा, चारही बोटं आधी मधल्या पेरांशी दुमडा, मग टोकं तळव्यात घट्ट गुंडाळा. अंगठा बाहेर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या भागावर आडवा. मनगट सरळ, ना वर वाकलेलं, ना खाली. टेबलावर पालथा हात ठेवून पाहिलं तर कोपरापासून बोटांच्या उंचवट्यापर्यंत एक रेघ दिसायला हवी. आदळायचं तर्जनी आणि मधलं बोट यांच्या उंचवट्यांनी, कारण त्यांच्यामागची हाडं मनगटाशी सरळ रेषेत येतात. रागाच्या भरात भिंतीवर बुक्की मारणाऱ्यांचं हाड मोडतं ते बहुतेकदा करंगळीमागचं. करंगळीकडची बाजू तो भार पेलायला केलेलीच नाही.

मग ठोसा. एक मूठ कमरेशी, तळवा आकाशाकडे. ती पुढे जाते आणि शेवटच्या क्षणी वळून तळवा जमिनीकडे होतो. त्याच वेळी दुसरा हात तितक्याच जोराने मागे कमरेशी येतो. हवेत. समोर कुणी नाही. सर मध्ये फिरत असतात, कुणाचा खांदा खाली दाबतात, कुणाचं कोपर आत घेतात. कराटेच्या पहिल्या तासातला बराचसा वेळ असाच जातो.

मोजणी जपानीत चालते: इची, नी, सान, शी, गो, रोकू, शिची, हाची, क्यू, ज्यू. सोलापूरच्या क्लासमधला हा भाग मला फार आवडतो. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू, कुणी मराठी, आणि रांगेत सगळी एकाच आवाजात इची-नी-सान म्हणतात. नव्यांचा चार आणि सात यांत हमखास घोळ होतो. आठवड्यात तोंडी बसतं, पाठांतर करून जायची गरज नाही. तायक्वांदोत हेच आकडे कोरियन असतात: हाना, तुल, सेत.

आणि ते ओरडणं, ज्याने खिडकीबाहेरचा माणूस दचकतो? त्याला 'किआई' म्हणतात. ठोसा बसण्याच्या क्षणी श्वास झटक्यात बाहेर टाकला की पोटाचे स्नायू आवळले जातात, धड स्थिर होतं, जोर वाया जात नाही. नवखा माणूस घाबरून नेमका त्याच वेळी श्वास रोखून धरतो. ओरडलं की श्वास रोखता येत नाही, म्हणून ओरडायला लावतात. पहिल्या दिवशी घशातून नीट आवाज निघत नाही, संकोच वाटतो. सगळ्यांचं तसंच होतं.

## 'हे सगळं हवेतच? मग लढायचं कधी?'

पहिल्या आठवड्यानंतर हा प्रश्न येतोच, आणि मुलांपेक्षा बापांचा जास्त. पैसे भरले, पोरगा नुसता हवेत हात फिरवतोय.

सोलापूरकरांना हे समजावणं सोपं आहे. मागावर चादर विणायच्या आधी उभे धागे एकेक करून ओवून घ्यावे लागतात. शेकडो धागे, प्रत्येकाची जागा ठरलेली. ते काम चालू असतं तोवर कापड बोटभरही दिसत नाही. पण दोन धागे इकडचे तिकडे झाले तर पुढच्या सगळ्या चादरीत तो दोष उमटत जातो आणि मग दुरुस्त करता येत नाही. पहिले काही महिने हवेत चालतं ते हेच ओवणं. उभं राहण्याची ढब, कंबर, खांदा, मनगट हे एकदा चुकीचं बसलं की नंतर काढायला दुप्पट वेळ लागतो.

कराटेचा क्लास पुढे तीन भागांत चालतो. मूळ धडे, ते झाले. मग 'काता', म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, एकट्याने करायची. आणि 'कुमिते', म्हणजे जोडीने लढत. कुमितेही एकदम मोकळी नसते. आधी ठरवून: तू एक ठोसा मार, मी अडवतो, जागेवर परत. ठोसा अंगाला लागायच्या आत थांबवायचा. चांगल्या शाळेत मोकळी लढत बरीच पुढे येते, तीही हातमोजे, दातांचं कव्हर आणि नडगीचं संरक्षण घालून. क्योकुशिनसारखे काही प्रकार पूर्ण संपर्काचे असतात, तिथे अंगावर मार बसतो. पण पहिल्या दिवशी तिथेही नाही.

आता थांबण्याबद्दल. जपानी क्लासमध्ये सुरू करायचा हुकूम 'हाजिमे', थांबायचा 'यामे'. तायक्वांदोत थांबायला 'गुमान'. ज्युदोत आणि जमिनीवरच्या झटापटीत आणखी एक खूण असते: जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोनदा थोपटलं की समोरच्याने पकड सोडायचीच. मग तो काळा पट्टावाला असो की जिल्ह्याचा विजेता. पहिल्या दिवशी या खुणा शिकवल्या गेल्या नाहीत तर स्वतः विचारा.

क्लास बघायला गेलात की दुसरं काही नका बघू, एवढंच बघा. सरांनी थांबा म्हटल्यावर किती मुलं खरोखर जागेवर थांबतात? एखादं पोरगं रडवेलं झालं तर सराव थांबतो का, की 'उठ, रडतोस काय' म्हणून हशा पिकतो? मोठ्या पट्ट्यावाला लहान पट्ट्यावाल्याशी जोडी लावताना जोर कमी करतो का? भिंतीवरचे ट्रॉफींचे फोटो यातलं काहीच सांगत नाहीत.

## ज्युदोवाल्यांचा पहिला दिवस वेगळा

ज्युदोच्या क्लासला गेलात तर हवेतले ठोसे नसतील. तिथे पहिला धडा पडण्याचा. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल. पडता पडता हाताने मॅटवर जोरात थाप मारायची, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो. आपण पडताना आपोआप हात मागे टेकवायला जातो आणि मनगट मोडून घेतो. ती सवय मोडण्यात पहिले कितीतरी दिवस जातात. सुरुवात बसलेल्या स्थितीतून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. नुसत्या फरशीवर हे करायचं नाही. ज्युदो शिकवणाऱ्याकडे चांगली जाड मॅट नसेल तर तिथून परत फिरा.

पडण्याची ही कला मोठेपणी बाथरूममध्ये पाय घसरतो तेव्हा कामी येते. माझ्या मते नवख्याला या सगळ्या विद्यांमधून मिळणारी सर्वांत रोजच्या उपयोगाची गोष्ट हीच.

## दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, काही मोडलं का?

बहुधा नाही. पहिल्या क्लासनंतर मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात. दुखणं त्याच दिवशी नसतं, दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि 24 ते 72 तासांत कळस गाठतं. पुष्कळांना वाटतं की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठलं म्हणून दुखतं. ते आम्ल तास-दीड तासात निघून जातं. दुखणं येतं ते स्नायूंच्या तंतूंवर पडलेल्या न सवयीच्या ताणामुळे, बारीक इजांमुळे. त्या भरून निघतात आणि पुढच्या वेळी तेवढाच व्यायाम कमी दुखवतो. हलकं चालणं, झोप, पोटभर जेवण एवढं पुरतं. दुखतंय म्हणून दुसरा क्लास चुकवू नका, फक्त जोर कमी ठेवा.

पण तीन गोष्टी वेगळ्या आहेत. सांध्यात टोचणारी कळ किंवा सूज. एकाच बाजूला असलेली आणि वाढत जाणारी वेदना. आणि प्रचंड व्यायामानंतर लघवीचा रंग काळ्या चहासारखा होणं. शेवटची खूण तर लगेच दवाखाना गाठायची. न सवयीच्या माणसाला एकदम शेकडो बैठका काढायला लावल्या तर स्नायू इतके तुटतात की त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. म्हणून उशीर झाला, चुकलास, काढ दोनशे बैठका अशी शिक्षा देणारा शिक्षक नवख्यासाठी धोक्याचा. कुठे थांबवायचं हे त्याला कळत नाही.

## 'माझं वय झालं', 'माझं वजन जास्त आहे'

चाळिशी-पन्नाशीत सुरू करणारे असतात आणि टिकतातही. लहान मुलांच्या तुलनेत त्यांना लवचीकपणा यायला वेळ लागतो, पण सांगितलेलं कळतं लवकर. पाय डोक्यापर्यंत जायलाच हवा असं कुणी म्हणत नाही, कमरेपर्यंत गेला तरी लाथ होते. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, जुनी पाठदुखी किंवा गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि पहिल्या दिवशी शिकवणाऱ्यालाही सांगा. दम्याचा पंप वापरणाऱ्याने तो हाताशी ठेवावा, बॅगेच्या तळाशी नको. 'आधी वजन कमी करतो, मग येतो' म्हणणारे सहसा येत नाहीत असं मी पाहिलं आहे. वजन असलेल्यांनी फक्त उड्या कमी घ्याव्यात, गुडघ्यांसाठी.

लहान मुलांना कधी घालावं? पाच-सहा वर्षांच्या मुलांचा क्लास खरं तर खेळच असतो, आणि तसाच असायला हवा. त्या वयात तासभर रांगेत उभं करून मुठी वळायला लावणं हा छळ आहे.

## पोरगं मारकुटं होईल का?

आईबापांची ही भीती रास्त आहे आणि तिचं उत्तर सरळ हो-नाही असं देता येत नाही. मूल क्लासमध्ये काय बघतं यावर ते ठरतं. जिथे दर तासाला थांबायची सवय लागते, जोडीदाराला लागलं तर आधी वाकून माफी मागायची असते, बाहेर मारामारी केली तर पट्टा परत घेतला जाईल अशी समज दिलेली असते, तिथलं मूल सहसा निवळतं. रग जिरवायला जागा मिळते आणि आपल्याला मारता येतं हे सिद्ध करायची घाई कमी होते. जिथे सर स्वतः शिव्या देतात, जिंकलास तर शाबास आणि हरलास तर चेष्टा, तिथे उलट घडतं. तेव्हा घरी आल्यावर 'आज कोणाला हरवलंस?' असं विचारू नका. 'आज काय शिकलास?' विचारा. आपण विचारतो त्यावरून मुलाला कळतं की घरात कशाला किंमत आहे.

## मुलींसाठी: तीन दिवसांच्या शिबिरात काय येतं?

सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेत राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, ते तीन महिन्यांचं असतं. त्याखेरीज महिला मंडळं, महाविद्यालयं दोन-तीन दिवसांची शिबिरं घेतात. चांगली गोष्ट आहे, पण त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते नीट ठरवावं. दोन दिवसांत हात सोडवण्याचे चारपाच डाव दाखवता येतात. भीतीने थिजलेल्या क्षणी ते हातून आपोआप घडतील इतका सराव होत नाही. शिबिरातून खरं मिळतं ते दुसरंच: मोठ्याने ओरडायची सवय, 'लांब हो' असं डोळ्यांत बघून म्हणता येणं, धोका लवकर ओळखणं, आणि पळून जाण्यात कमीपणा नाही ही खात्री. ओरडणं तर आपल्याकडच्या मुलींना मुद्दाम शिकवावं लागतं, कारण लहानपणापासून त्यांना हळू बोल, हळू बोल एवढंच सांगितलेलं असतं.

कायद्याचा भागही माहीत हवा. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव आणि शरीर वाचवण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये दिला आहे. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. मात्र कलम 37 मध्ये मर्यादा आहे: बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. हल्लेखोर पळून चालला आणि आपण मागे धावून त्याला बडवला, तर तो बचाव राहत नाही. इथेही कुठे थांबायचं हे यावं लागतं. अडचणीत 112 हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असावा.

क्लास निवडताना मुलीच्या पालकांनी बिनधास्त विचारावं: सराव उघड्या हॉलमध्ये होतो का, पालकांना बसू देतात का, महिला शिक्षिका आहे का? ढब दुरुस्त करताना शिक्षकाला हात लावावा लागतो हे खरं. चांगला शिक्षक आधी सांगतो, विचारतो, आणि सगळ्यांसमोर करतो. खाजगी शिकवणीला एकटीला बोलावणं, पालकांना बसायला बंदी, रात्री उशिरा मेसेज यांतलं काही दिसलं तर स्पष्टीकरण ऐकत बसू नका. मुलीला काढून घ्या.

## पट्टे, परीक्षा आणि पैसे

पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचे पट्टे हे फार प्राचीन काही नाहीत. काळा पट्टा ज्युदोच्या कानोंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणला, फुनाकोशींनी 1924 साली ती पद्धत कराटेत घेतली. मधले रंग त्यानंतरचे. पांढऱ्यापुढे साधारण पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी असा क्रम असतो, शाळेगणिक थोडा बदलतो.

काळ्या पट्ट्याला किती वर्षं? नियमित सराव केला तर सहसा चार-पाच वर्षं, कधी जास्त. तायक्वांदोत पंधरा वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांचा काळा पट्टा मिळतच नाही, त्याची वेगळी पायरी असते. 'वर्षभरात ब्लॅक बेल्ट' अशी जाहिरात दिसली तर तिथे पट्टा विकला जातोय असं खुशाल समजा.

प्रत्येक पट्ट्याला परीक्षा आणि तिची वेगळी फी असते. ती महिन्याच्या फीमध्ये धरलेली नसते, आणि इथेच पुष्कळ पालक चिडतात. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: वर्षात किती परीक्षा, प्रत्येकीचे किती, ड्रेस बाहेरून घेतला तर चालेल का, स्पर्धेला जाणं सक्तीचं आहे का. कराटेत संघटना अनेक आहेत आणि प्रत्येकीचं प्रमाणपत्र वेगळं. शाळेच्या क्रीडा गुणांसाठी किंवा नोकरीतल्या खेळाडूंच्या आरक्षणासाठी म्हणून घालत असाल तर त्या स्पर्धेचं प्रमाणपत्र धरलं जातं का, हे सरांना न विचारता जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. आणि ऑलिंपिकची आशा असेल तर हेही लक्षात ठेवा: कराटे तिथे एकदाच, टोकियो 2020 मध्ये होतं, पॅरिस 2024 मध्ये नव्हतं.

## आपली कुस्ती सोडून परदेशी कशाला?

सोलापूर जिल्हा कुस्तीचा आहे. तालमीतली पोरं लाल मातीत घडतात आणि आखाड्यात उतरताना ती माती कपाळाला लावतात. हा प्रश्न विचारणाऱ्या आजोबांबद्दल मला आदर आहे. गल्लीजवळ चांगली तालीम आणि लक्ष देणारा वस्ताद असेल तर मुलाला जरूर तिथे घाला; अंगात येणारी ताकद आणि तोल कराटेपेक्षा कमी नाही, उलट जास्तच. पण सगळ्या तालमींत मुलींना जागा नसते, नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसाला पहाटेचा मेहनतीचा दिनक्रम झेपत नाही, आणि मातीत धरपकड करण्याऐवजी कुणाला अंतर राखून शिकायचं असतं. तालमीतून आलेली मुलं ज्युदोत लवकर रुळतात, कारण तोल कसा घालवायचा ते त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. फरक एवढाच की कुस्तीत दोन्ही खांदे टेकवून चितपट करायचं, तर ज्युदोत नुसतं जोरात आणि नेमकं पाठीवर पाडलं तरी लढत संपते.

## पैसे भरण्याआधी

बरेच शिक्षक एक-दोन दिवस फुकट येऊन बघू देतात. देत नसतील तर निदान कडेला बसून एक तास पूर्ण बघा, शेवटची पाच मिनिटं सोडू नका. शेवटी मुलं गुडघ्यांवर बसतात, डोळे मिटतात, श्वास शांत करतात आणि वाकून उठतात. तो भाग घाईत उरकला जातोय की शिकवणारा त्यालाही वेळ देतोय, ते पाहा. प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे हे विचारा. उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्यावरून पुष्कळ कळतं.

मग एक महिन्याची फी भरा. वर्षाची एकदम भरली तर सवलत देतो म्हणतील, तरी महिन्याचीच भरा. ड्रेसही पहिल्या महिन्यात घेऊ नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस जाऊन महिना झाला की मांड्या दुखायच्या थांबलेल्या असतात, चार आणि सातमधला घोळ मिटलेला असतो, आणि मुलाला किंवा तुम्हाला संध्याकाळी तिकडे जावंसं वाटतं का हे घरच्यांनाही दिसतं. वाटत असेल तर ड्रेस घ्या. वाटत नसेल तर दुसरा क्लास बघा किंवा सोडून द्या.